शुभेच्छुक : समस्त बैलप्रेमी मित्रमंडळ

या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या गेटसमोर एका बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. फ्लेक्स हा माझा जुना आजार आहे, हे या सदराचे वाचक जाणतात. उरण नाक्यावरच्या कमानींवर माझे इथेच दात-ओठ खाऊन झालेत. पण हा फ्लेक्स बघून राग यायच्या आत हसू आलं. मधोमध पांढराशुभ्र खिल्लार, रंगवलेली शिंगं, कपाळभर गुलाल आणि वर ‘बिनजोडचा बेताज बादशहा’. भोवती शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. गॉगल न लावलेला, कानाला मोबाइल न धरलेला आणि महापालिकेचं तिकीट न मागणारा असा त्या अख्ख्या फ्लेक्सवर एकच चेहरा होता. बैलाचं नाव सांगत नाही, त्याचा मालक हे सदर वाचतो.

कुणीतरी फोटो ग्रुपवर टाकला आणि पेटलं. ‘बैलगाडा शर्यती अजून चालतात? त्यांच्यावर बंदी होती ना?’ असा सवाल आला, आणि पेपरात लिहितो म्हणून उत्तराची जबाबदारी माझ्यावर.

तर बंदी होती. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तो हायकोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू आणि कर्नाटकाबरोबर आपलाही कायदा ग्राह्य धरला. धाव हजार मीटरच्या आत, हातात काठी-चाबूक नाही, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. एवढं टाइप करून मी पाठवलं, त्यावर तीन अंगठे आले आणि भांडण पुढे चालू.

मला करमणूक वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बैलाच्या बाजूने सगळ्यात तावातावाने लिहीत होते आमचे सी विंगचे गृहस्थ. मुक्या जिवाचे हाल, संस्कृतीच्या नावाखाली क्रूरता, सगळं बिनचूक. हेच गृहस्थ गेल्या महिन्यात जिन्याखाली व्यालेली कुत्री पिल्लांसकट उचलून न्यावी म्हणून सह्या गोळा करत फिरत होते. न पाहिलेल्या जनावरावर प्रेम करणं फार सोपं असतं, ते लिफ्टसमोर बसत नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही मला पाठ आहे. ‘आम्ही बैल पोटच्या पोरासारखा सांभाळतो.’ यात खोटं काही नाही. गोठ्यात पंखा, रात्री मच्छरदाणी, खुराकाला दूध, अंडी, बदाम. घरातल्या म्हाताऱ्याला एवढी बडदास्त मिळत असेल असं छातीठोक सांगता येणार नाही. पण गाडी सुटायच्या वेळी त्याच पोराची शेपटी पिरगाळतात, कधी दातांखालीही धरतात. खिळा ठोकलेली पराणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय, आणि बैलाच्या कातडीवर ती जिथे लागते तिथे येणारा रक्ताचा टिपूसही. पोटच्या पोराची शेपटी कुणी चावत नाही. पोराला नसते, हा भाग वेगळा. नियमात काठीला बंदी आहे. मैदानात नियम कोण बघतो, तर ज्याची गाडी हरली तो.

आणि हरणं इथे साधं नसतं. घाटावरच्या शर्यतीत गट, सेमी, फायनल असतं. आमच्याकडे बिनजोडचा नाद मोठा: दोनच गाड्या, दोनच मालक, अख्खं गाव बघतंय. मग हरतो तो बैल नसतो. २०२२ च्या नोव्हेंबरात अंबरनाथला शर्यतीच्या वादातून भररस्त्यात गोळीबार झाला. बैलांनी आपसांत कधी शिंग उगारल्याचं मात्र ऐकिवात नाही. पिकअपमध्ये शेजारी शेजारी उभे राहून ते निमूट रवंथ करतात.

राहता राहिली परंपरा. आमच्या पनवेलच्या भातखाचरातल्या गुडघाभर चिखलात राबायचा तो इथला बुटका गावठी बैल. खिल्लार माणदेशाकडचा, सांगली-सोलापूरकडून लाखांनी पैसे मोजून आणलेला. तो चिखलात कधी उतरलेलाच नाही. विहिघरचे पंढरीशेठ फडके, अंगभर सोनं घालून शर्यतीला येणारे, २०२४ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्यामुळे या नादाला जो थाट आला तो नांगराच्या जिवावर आलेला नव्हता. आमच्या भागात जमीन गेली आणि पैसा आला. नुसत्या नवी मुंबई विमानतळाला ११६० हेक्टर लागली. त्याआधी सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची गोष्ट कागदावर आली. ज्याच्या बापाने खाचर नांगरलं, त्याच्याकडे आज खाचर नाही, बैल आहे. बिनकामाचा बैल कोण कशाला पोसेल? मग त्याला काम लावलं, पळायचं. सी विंगवाल्यांनी शर्यत बंद केली तर तो बैल उद्या कुठे जाईल, याचं उत्तर ग्रुपवर कुणी दिलं नाही. मी विचारलं होतं.

बैलाच्या मालकालाच शेवटी गाठलं. गेटवरच उभा होता, फ्लेक्सची दोरी आवळत. म्हटलं, ‘शेठ, शेतीच्या नावाने शर्यत, आणि शेत कुठाय?’

‘शेतान आता इमान उतरतंय,’ तो म्हणाला. ‘नांगर काय धावपट्टीवर मारू?’

मग त्याने जे सांगितलं ते कोर्टाच्या कुठल्याच निकालात नाही. त्याला ना प्राणीमित्रांची भीती, ना कलेक्टरची. त्याला धास्ती मैदानाची. गाड्या पळवायला सरळ, मोकळी, सपाट जमीन लागते, आणि तशी जमीन दिसली की तिथे आधी पत्र्याचं कुंपण येतं, मग ‘वन बीएचके’चा बोर्ड. मागच्या वर्षी जिथे गुलाल उधळला तिथे यंदा गोदाम आहे. शर्यत बंद करायला प्राणीमित्र चौदा साली दिल्लीत जिंकले, बिल्डर तेच काम न्यायालयात न जाता करतोय. आणि त्या बिल्डरला जमीन दिली कुणी? शेठ हसला. आमची सोसायटी उभी आहे तो साडेबारा टक्क्यांचा भूखंड त्याच्या चुलत्याचा.

मी काही बोलायच्या आत त्यानेच मुद्द्याला हात घातला. ‘सायेब, तुमी लेखक माणूस, कमिटीत शब्द हाय तुमचा. रविवारी केक कापायचाय. पाव्हणे येतील, तीन-चार पिकअप असतील. तुमच्या व्हिजिटर पार्किंगमधी लावू का?’

विषय कमिटीपुढे ठेवलाय. सी विंगने लेखी हरकत घेतली आहे.