शहाळ्याची फळी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शहाळेवाला बसतो. संध्याकाळपर्यंत त्याच्यामागे रिकाम्या शहाळ्यांचा कमरेएवढा ढीग होतो. पावसाळ्यात त्यांत पाणी साठते, डास होतात आणि सोसायटीच्या बैठकीत डेंग्यूवर चर्चा रंगते. या ढिगातून कपाटाच्या फळ्या होतील, असे मी म्हटले तेव्हा सगळे हसले.

मी गंमत करत नव्हतो. नारळाच्या सोडणात लिग्निन नावाचे द्रव्य भरपूर असते. सोडण सुकवून, दळून, दीडशे अंशांच्या वर तापवलेल्या दाबयंत्रात धरले की लिग्निन मऊ होते आणि धागे व भुसा एकमेकांना चिकटवते. वेगळा गोंद लागतच नाही. हॉलंडमधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी 2004 साली हे प्रयोग प्रसिद्ध केले. तोक्यो विद्यापीठाने 2021 मध्ये संत्र्या-केळ्यांच्या सालींपासून आणि भाज्यांपासून अशाच वड्या दाबल्या. बहुतेकांनी ठरवलेली ताकद गाठली. परीक्षेत भोपळा मिळाला तो एकट्या भोपळ्याला!

गोंद नको, ही गोष्ट किरकोळ नव्हे. आपल्या कपाटांतल्या भुशाच्या फळ्या बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडने जोडलेल्या असतात. मध्यंतरी आमच्याकडे नवे कपाट आले, तेव्हा दार उघडले की डोळे चुरचुरत. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिला आहे.

मग अडते कुठे? सुक्या नारळाचे सोडण कोकणात न्हाणीच्या चुलीत जाते, केरळात त्याचा काथ्या होतो. त्याला मालक आहे. बेवारस आहे ते शहरातले शहाळे, आणि त्यात मुख्यतः पाणीच! ते वाहून न्यायचे म्हणजे ट्रकभर पाणी वाहायचे, वर सुकवण्याचा खर्च. शिवाय कचऱ्याच्या गाडीत ते मासळीच्या घाणीत मिसळले की कारखानदार हात लावणार नाही. फळीही पाणी प्यायली की फुगते. बाहेरच्या भिंतीला ती चालायची नाही, आतल्या कपाटाला चालेल. माझ्या मते यंत्राचा प्रश्न सुटल्यासारखाच आहे, गल्लीचा सुटलेला नाही.

परवा शहाळेवाल्याला विचारले, चार फाका करून वेगळी ठेवशील का? तो म्हणाला, "ठेवतो की, साहेब. पण उचलायला येणार कोण?"