विश्लेषण : मुक्तिसंग्रामाच्या घरोघरच्या आठवणी कोण जपणार?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना अभिवादन होते. पण हैदराबाद मुक्तिसंग्राम ज्या कुटुंबांनी अंगावर घेतला, त्यांच्या जीवनकथा फारच थोड्या लिहिल्या गेल्या. १९४८ मध्ये पंधरा वर्षांचे असलेले आज नव्वदी ओलांडून गेले आहेत. हे काम सरकारी समितीची वाट न पाहता घरच्यांनीच आणि आताच हाती घ्यायला हवे.

लिहिले काय गेले, राहिले काय?

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मधल्या तेरा महिन्यांत शेकडो तरुण संस्थानाबाहेरच्या सरहद्द कॅम्पांत गेले. नांदेडकडचे उमरखेडला, तर लातूर-उस्मानाबादकडचे बार्शी-सोलापूर भागात.

या लढ्यातील ठळक प्रसंग ठाऊक आहेत. बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्यासाठी नेला गेला. उदगीरजवळचे हत्तीबेट सशस्त्र प्रतिकाराचे केंद्र बनले. नेत्यांनीही लिहून ठेवले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणी १९६७ मध्ये आल्या, अनंत भालेराव यांनी मराठवाड्याच्या अंगाने लढ्याचा इतिहास लिहिला.

पण बेटावर भाकरी कोण पोहोचवत होते? नवरा कॅम्पात गेल्यावर पेरणी कुणी केली? गाव सोडताना म्हातारी माणसे कुठे राहिली? ही उत्तरे पुस्तकांत क्वचितच सापडतात. ती सुना-नातवंडांनी ऐकलेली आहेत आणि बहुतेक ठिकाणी तिथेच थांबली आहेत.

पेन्शनच्या फाइलमध्ये हे नाही का?

स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची पेन्शन योजना १९७२ मध्ये सुरू झाली. अर्जाला पुरावा लागतो : किती दिवस तुरुंग, वॉरंट निघाले होते का, भूमिगत किती महिने. सरकारला पैसे द्यायचे असल्याने हे विचारणे रास्तच होते. मात्र त्यामुळे आयुष्याचा तेवढाच तुकडा कागदावर आला.

ज्या बाईने रात्री-बेरात्री दहा जणांचा स्वयंपाक केला किंवा निरोप पोहोचवला, तिच्या नावे वॉरंट नव्हते. त्यामुळे बहुतेकदा फाइलही नाही. दुसरीकडे बीड जिल्ह्यातील बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. परिणामी खऱ्या माणसाच्या आठवणीकडेही ‘पेन्शनसाठी सांगतोय’ अशा नजरेने पाहिले जाऊ लागले. म्हणूनच आताची नोंद कोणत्याही लाभाशी जोडू नये. मोबदला नसेल तर वाढवून सांगण्याचे कारणही उरत नाही.

जुनी कागदपत्रे कुठे गेली?

निजामाच्या राज्यात कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत होते. घरोघरी जुने दाखले, पावत्या, पत्रे उर्दूत आहेत, काही मोडीत. नातवंडांना ती वाचता येत नाहीत, म्हणून घर पाडताना पेटीसकट रद्दीत जातात. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबादची ५२ गावे उद्ध्वस्त झाली, तिथे तर पेटी वाचवायला वेळच नव्हता. संस्थानकाळातील सरकारी दफ्तर पाहायचे तर हैदराबादच्या तारनाका भागातील तेलंगणा राज्य अभिलेखागार गाठावे लागते. म्हणजे राज्यकर्त्यांची बाजू तिथे बांधून ठेवलेली आहे, आपली बाजू मात्र आजीच्या तोंडी आहे.

इतरांनी हे कसे केले?

आपल्याच भाषेत याचा सातशे वर्षांपूर्वीचा नमुना आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसे गाठून आठवणी गोळा केल्या आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. एकाच प्रसंगाबद्दल दोघांचे सांगणे वेगळे असेल तर महानुभावांनी दोन्ही पाठ जपले. आजही याहून चांगली पद्धत सापडणार नाही.

अमेरिकेतील युटामध्ये १८४७ पासून बैलगाड्यांनी आणि पायी येऊन वसलेल्या मॉर्मन कुटुंबांच्या लेकी-नातींनी १९०१ मध्ये संघटना काढली. पहिल्या पिढीतली काही माणसे तेव्हा हयात होती. त्यांच्या जीवनकथा, पत्रे, घरातील वस्तू या बायकांनी जमवल्या. फाळणीबाबत असेच काम ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ने केले. स्वयंसेवकांच्या मदतीने त्यांनी दहा हजारांवर मुलाखती नोंदवल्या. दोन्हीकडे सुरुवात सामान्य माणसांनी केली.

फक्त एकाच बाजूच्या आठवणी घ्यायच्या का?

नाही. इथेच या कामाची खरी कसोटी आहे. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी आजही ताज्या आहेत. मे १९४८ मधील बीदरजवळच्या गोरट्याचे हत्याकांड उदगीर-निलंग्याच्या पट्ट्यात अजून सांगितले जाते. त्याच वेळी पोलिस ॲक्शननंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेल्या हिंसाचाराबद्दल भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अंदाजानुसार संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड होते. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बीदरमध्ये विभागलेला होता. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही.

रझाकारांना कंटाळून गाव सोडलेले हिंदू कुटुंब, त्यानंतर गाव सोडलेले मुस्लिम कुटुंब आणि या दोघांना आसरा देणारे शेजारी, ही सगळी एकाच गल्लीतली माणसे आहेत. एकाचे ऐकून दुसऱ्याचे गाळले तर पुढच्या पिढीच्या हाती अर्धा इतिहास आणि पुरा राग पडेल. लढ्याचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. स्वामीजींचा विरोध निजामाच्या सरंजामी सत्तेला होता, कुठल्या धर्माला नव्हता.

आपण नेमके काय करायचे?

हातातला मोबाइल पुरेसा आहे. मात्र काही पथ्ये पाळावीत.

• आधी परवानगी घ्या. रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायचे, कुणाला नाही, हेही विचारा.
• सुरुवातीलाच सांगणाऱ्याचे नाव, गाव, अंदाजे वय आणि तारीख बोलून घ्या.
• पंखा, टीव्ही बंद ठेवा. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरे. दमल्यासारखे दिसले की थांबा.
• ‘लढ्यात काय केले?’ असे विचारू नका. तेव्हा घरात कोण कोण होते, काय खात होता, रात्री कुठे झोपत होता, हे विचारा. आठवणी त्यातूनच उलगडतात.
• घरातील बायकांशी वेगळे बोला. चारचौघांत त्या बहुधा गप्प राहतात.
• बोली सुधारू नका. उर्दूमिश्रित मराठवाडी शब्द जसेच्या तसे राहू द्या.
• ‘मी पाहिले’ आणि ‘मी ऐकले’ यांत फरक करा. तारखेची खात्री नसेल तर तसे लिहा.
• कागदांचे फोटो दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी काढा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर दर्जा घटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.
• प्रत दोन ठिकाणी ठेवा. मोबाइल बिघडला की सगळे जाते.

संस्थांची जबाबदारी काय?

कुटुंबांनी जमवलेले ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे आणि त्याचा स्थापना दिवस १७ सप्टेंबर १९९४ आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत. प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने वर्षाला दहा मुलाखती घेतल्या तरी पाच वर्षांत मोठा संग्रह उभा राहील. उर्दू आणि मोडी वाचू शकणाऱ्यांना मानधन देऊन कागद वाचून घेता येतील. शाळांनी निबंध स्पर्धेऐवजी नववीच्या मुलांना एका आजी-आजोबांचे रेकॉर्डिंग करायला सांगावे.

यासाठी मोठा निधी लागत नाही, लागतो तो वेळ, आणि नेमका तोच कमी उरला आहे. पुढचा १७ सप्टेंबर येईपर्यंत आपल्या गल्लीतील सर्वांत वयस्क व्यक्तीकडे एकदा जाऊन या.