सारखी वर्गणी, सारखा न्याय?

कराडच्या बैठकीत जे घडलं ते लिहायलाच हवं, कारण तिथे वाद वर्गणीचा झाला तरी प्रश्न वर्गणीपुरता नव्हता.

सातारा-सांगलीतल्या आमच्या गटांनी टाकलेल्या बायकांसाठी एक निधी उभा करायचं ठरवलं. पोटगीच्या तारखेला तालुक्याला जायचं एस.टी. भाडं, वकिलाची फी, त्या दिवशीची बुडालेली मजुरी एवढं तरी त्यातून निघावं. प्रस्ताव सोपा होता : प्रत्येकीने महिन्याला पन्नास रुपये. मास्तरीणबाईंनीही पन्नास, तासगावच्या द्राक्षबागेत काम करणारीनेही पन्नास. "सगळ्या सारख्या, भांडण नको," असं एकजण म्हणाली आणि बऱ्याच माना हलल्या.

माझी हलली नाही. मी सरकारी नोकरीत कारकून होते. आमच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा. पुढे तो महिन्याला दोनशे झाला आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. माझ्याही पगारातून तेवढाच आणि केबिनमधल्या साहेबांच्याही पगारातून तेवढाच! राज्यघटनेच्या कलम २७६ ने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती २,५०० झाली. त्याच्या वर जाता येत नाही. आजही महिना दहा हजारांच्या जरा वर मिळवणाऱ्या पुरुषाचे शंभरातले दोन रुपये या करात जातात आणि दोन लाख मिळवणाऱ्याचे दहा पैसे. बायकांना २०२३ च्या एप्रिलपासून पंचवीस हजारांपर्यंत सूट मिळाली, ते बरंच झालं. पण पंचवीस हजारांच्या पुढे गेली की तीही त्याच अडीच हजारांच्या रांगेत.

तरीही या कराबद्दल माझ्या मनात राग नाही, कारण तो कशासाठी आला हे आपल्या भागातल्या बायांना सांगायला नको. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्यांत बाया किती होत्या हे त्या पिढीच्या आजींना विचारा. काम मागणाऱ्याला काम द्यायचं तर पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला आणि शहरातल्या नोकरदाराने, व्यापाऱ्याने द्यायचं ठरलं. बागायतदारावरही उपकर होता. जेवढं करातून येईल तेवढीच भर सरकारने घालायची. १९७७ च्या कायद्याने काम हा हक्क झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. शहर आणि खेडं, बागायत आणि जिराईत यांनी एकमेकांशी केलेला हा करार होता. विरोधी पक्षही त्याच्या बाजूने उभे राहिले. करार चांगला, पण वसुलीची पट्टी मात्र आखूड, वरच्यांपर्यंत न पोचणारी.

तर बैठकीत मी उठून सांगितलं की ही पन्नासाची गोष्ट मला पटत नाही. खुरपायला तीनशे रुपये हजेरी आणि महिन्यात दहा दिवस काम, म्हणजे तीन हजार. तिच्या साठ रुपयांतला एक रुपया जातो. साठ हजार पगाराच्या बाईंच्या बाराशे रुपयांतला एक. वीस पटीचा फरक आणि नाव काय, तर 'सारखी'.

मग मीच मोठ्या रुबाबात सुचवलं, की प्रत्येकीने महिन्याला अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी. चळवळीत आपण हे कित्येकदा केलंय, वाटलं यात तरी खोट नसेल. पण माण तालुक्यातून आलेल्या एका अंगणवाडी सेविकेने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. मजुरणीचा अर्धा दिवस दीडशे रुपयांचा. तिला दहाच दिवस काम, म्हणजे वीस रुपयांतला एक गेला. बाईंचा अर्धा दिवस हजाराचा, पण त्यांना तीसही दिवसांचा पगार, म्हणजे साठातला एक. माझ्या सूचनेने गरिबावर तिप्पट बोजा पडत होता! मी खाली बसले. सेविकांना हिशोब शिकवायची प्रशिक्षणं भरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उरला टक्का. सगळ्यांना एकच टक्का, मजुरणीचे तीस आणि बाईंचे सहाशे. देशोदेशी 'एकच दर'वाले अर्थतज्ज्ञ हेच सांगतात. एस्टोनियाने १९९४ साली सगळ्यांना सव्वीस टक्के प्राप्तिकर लावला, रशियाने २००१ मध्ये तेरा. सोपा, चोरी कमी, असं त्याचं कौतुक झालं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या सवलती आणि पळवाटांचा फायदा चांगला सल्लागार ठेवू शकणाऱ्यालाच होतो. पण रशियालाही २०२१ पासून मोठ्या उत्पन्नावर जास्त दर लावावा लागला. आणि ब्रिटनने दरही सोडून दरडोई सरसकट पट्टी बसवली, तेव्हा १९९० मध्ये लंडनच्या रस्त्यावर दंगल झाली आणि तीन वर्षांत ती पट्टी गेली. तीन हजारांतले तीस म्हणजे घरातलं तेल चार दिवस आधी संपणं. साठ हजारांतल्या सहाशेंनी बाईंच्या घरात काही संपत नाही. साबणाच्या वडीवर दोघीही एकच जी.एस.टी. भरतात, तिथे कुणी ऐपत विचारत नाही. पाळीच्या पॅडवर १२ टक्के होता. तो जायला २०१८ चा जुलै उजाडावा लागला, आणि तोही देशभरच्या बायांनी आरडाओरडा केल्यावर.

माझं म्हणणं ऐकून सगळ्यांना पटेल असं वाटलं होतं. पण विरोध आला तो मजुरणींकडूनच. तासगावची एक मावशी उठली. "ताई, तुमचा हिशोब बराबर आसंल. पर मी पन्नास दिलं तरच मला सारखं बोलता येतंय. दहा दिलं की मी दहाचीच बाई व्हनार."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तिची भीती खरी होती हे लगेच दिसलं. नोकरीवाल्यांपैकी एकीने विचारलंच, की जास्त आम्ही द्यायचं तर कुणाच्या केसला पैसे द्यायचे हे आम्हीच का ठरवू नये? रोजगार हमीलाही शहरांतून हेच ऐकावं लागलं होतं : आमच्या पैशावर खडी फोडतात. त्याला कायद्यात उत्तर होतं, की काम मागणारी भीक मागत नाही, हक्क मागते. हक्काला पावतीवरचा आकडा विचारत नाहीत.

खानापूर तालुक्यातल्या बायांनी बळीराजा धरणाची आठवण काढली. १९८० च्या दशकात येरळेवर मुक्ती संघर्ष चळवळीतून ते उभं राहिलं. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, कुटुंबावर वाटायचं, भूमिहीनांनाही, असा तिथला आग्रह. म्हणजे घेण्यात सारखेपणा. मला वाटतं आपली गल्लत इथेच होते. हक्क सारखा हवा, मत सारखं हवं. भार मात्र पाठ बघून द्यायचा. सरसकट कराची भाषा या दोन गोष्टी उलट्या करते : भार सारखा टाकते आणि हक्क खिशाप्रमाणे सोडते.

संध्याकाळी पाचची एस.टी. गाठायची होती, त्यामुळे वाटाघाट शेवटी घाईतच झाली. मजुरणींना काहीच नको असं मी म्हटलं. मावशीने साफ नाकारलं. दहा रुपयांवर तिने मान्यता दिली, पण अट घातली : कुणी किती दिले हे कुठल्याच सभेत वाचायचं नाही, आणि पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या पाचजणींत तिघी मजुरणी. अंगणवाडी सेविका शंभर, पेन्शनवाल्या तीनशे, मास्तरीणबाई पाचशे. दोन शिक्षिकांना पाचशे जड वाटले. एकीवर घराच्या कर्जाचे हप्ते आहेत आणि नवऱ्याची नोकरी गेलेली. तिला आम्ही शंभरात घेतलं. ऐपत पगाराच्या कागदावर सगळी दिसत नाही, हेही त्या दिवशी शिकले. दुसरीने विचार करून सांगते म्हटलं, तिचं अजून कळलेलं नाही.

हे एक वर्षासाठी ठरलंय. पुढची बैठक विट्याला आहे. ज्या गटांत आजही सरसकट वर्गणी चालते त्यांनी आपल्या वहीच्या मागच्या पानावर एकदा हिशोब मांडून तो तिथे आणावा. आमचा चुकला असेल तर तोही तपासून द्यावा. मावशी येणार आहे. पाचजणींत तिचं नाव पहिलं आहे.