शिकवणी आणि शिरस्त्राण

चिरंजीव महाविद्यालयांत जाऊं लागले कीं घरांत मोटारसायकलीची मागणी येते. आणि "आधीं रीतसर शिकून घे" असें सांगून वडील मंडळी निश्चिंत होतात. ही निश्चिंतता कितपत सार्थ आहे, हें आम्ही आज पाहूं.

हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजेलिस येथें केलेल्या अपघातांच्या पाहणीचा अहवाल १९८१ सालीं निघाला. अपघातांत सांपडलेल्या स्वारांपैकीं ९२ टक्के स्वतःच अथवा आप्तमित्रांकडून शिकलेले होते. यावरून शिक्षणच तारक, असें वाटणें साहजिक आहे. परंतु रीतसर शिकावयास जाणारा मनुष्य मुळांतच सावध असण्याचा संभव असतो. वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० सालच्या परीक्षणांत २३ अभ्यास तपासले गेले; त्यांतील उणिवांमुळें शिक्षणानें अपघात टळतात असा निश्चित निष्कर्ष काढतां आला नाहीं. शिरस्त्राणाची गोष्ट वेगळी. याच संस्थेच्या २००८ सालच्या परीक्षणाप्रमाणें हेल्मेटमुळें अपघातांत मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्यास इजा होण्याचा सुमारें ६९ टक्क्यांनीं घटतो.

शिकवणी अवश्य लावावी. गाडी आवरणें त्यावांचून नीट येत नाहीं. मात्र तेवढ्यावर विसंबूं नये. किल्ली देतांना शिरस्त्राणाची अट घालावी, आणि वडिलांनीं ती स्वतः आधीं पाळावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.