शेगावच्या गावांतली केसगळती: प्रयोगशाळेतल्या पेशी काय सांगू शकतात आणि काय नाही?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून एक विचित्र बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा, भोनगाव, कठोरा अशा गावांमध्ये लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटायची, मग केस हातात यायला लागायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. लहान मुलं, बाया, म्हातारी माणसं, कुणीच यातून सुटलं नाही. माध्यमांमध्ये आलेल्या आकड्यांनुसार १८ गावांत पावणेतीनशेच्या आसपास लोकांना हा त्रास झाला. एप्रिलमध्ये त्यातल्या काही गावांत नखं वाकडी होऊन गळायला लागली.

'टकल्यांचं गाव' म्हणून मीम्स फिरले. त्याच वेळी व्हॉट्सॲपवर कारणांची यादीही फिरत होती: शाम्पू, पाणी, बुरशी, कुठला तरी नवा विषाणू. पुढे नाव आलं सेलेनियमचं, आणि तेही रेशनच्या गव्हातलं. त्यानंतर 'प्रयोगशाळेत सिद्ध झालं' असं सांगणाऱ्या पोस्ट सुरू झाल्या. पण प्रयोगशाळेत नेमकं काय तपासलं जातं? काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरून गावातल्या माणसाबद्दल किती सांगता येतं?

आधी संशय कुणावर होता?

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि त्याला कारण होतं. शेगाव तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या बोअरचं पाणी खारट आहे ही पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. आरोग्य विभागाने नमुने घेतले तेव्हा काही ठिकाणी पाण्यात नायट्रेट जास्त आढळलं. पण खारं पाणी वर्षानुवर्षं तेच आहे, आणि केस मात्र अचानक काही आठवड्यांत गळाले.

दुसरा संशय बुरशीवर होता. त्यासाठी डोक्याच्या त्वचेचे तुकडे, म्हणजे बायोप्सी, तपासायला गेले. पण गावागावांत, एवढ्या वेगवेगळ्या वयाच्या लोकांमध्ये, इतक्या झपाट्याने पडणारं टक्कल बुरशीच्या नेहमीच्या चित्रात बसत नव्हतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि एम्सच्या तज्ज्ञांची पथकं गावांत आली. रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य असे नमुने गेले.

सेलेनियमचं नाव कसं आलं?

महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जातात आणि पद्मश्रीचे मानकरी आहेत. त्यांनी गावांत जाऊन नमुने घेतले आणि ठाण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेतून तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं, तर जस्त बरंच कमी झालेलं होतं. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलीग्रॅम सेलेनियम सापडलं. साध्या गव्हात ते ०.१ ते १.९ मिलीग्रॅम असतं, असं त्यांनी सांगितलं. आयसीएमआरच्या तपासणीतही बाधितांच्या रक्तात सेलेनियम वाढल्याचं समोर आल्याच्या बातम्या आल्या.

इथे दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, '६०० पट' हा आकडा. तो बहुतेक मथळ्यांमध्ये होता. पण १४.५२ ची तुलना ०.१ ते १.९ या पट्ट्याशी केली, तर गुणाकार सुमारे ८ ते १४५ पट येतो. 'किती पट' हे आपण कशाशी तुलना करतो यावर ठरतं. मूळ आकडा मिलीग्रॅममध्ये पाहिला की गोंधळ कमी होतो.

दुसरी, धुतलेल्या गव्हाचा आकडा. तोच गहू धुऊन तपासला तेव्हा सेलेनियम १३.६१ मिलीग्रॅम निघालं, म्हणजे जेमतेम सहा टक्के कमी. वरून फवारलेलं किंवा धुळीतून चिकटलेलं काही असतं, तर धुतल्यावर बरंच निघून गेलं असतं. ते दाण्याच्या आतच होतं, म्हणजे पिकाने ते जमिनीतून घेतलं असण्याची शक्यता जास्त.

हा गहू पंजाबकडून आल्याचं बावस्कर यांचं म्हणणं आहे. पंजाबमधल्या होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचं तिथल्या कृषी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांपूर्वीच नोंदवलेलं आहे.

हिशोब जुळतो का?

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतं. अमेरिकेतल्या मानकानुसार ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा आहे. युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. आता एखादा माणूस दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खात असेल आणि गव्हात किलोला १४.५२ मिलीग्रॅम सेलेनियम असेल, तर पोटात जातं सुमारे ४.३५ मिलीग्रॅम, म्हणजे ४,३५० मायक्रोग्रॅम. अमेरिकी मर्यादेच्या दहापटीहून जास्त.

असं पूर्वी घडलेलं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या एन्शी भागात गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली होती. तिथल्या बाधित भागात लोकांच्या पोटात दिवसाला सरासरी ४.९९ मिलीग्रॅम सेलेनियम जात असल्याचं पुढे संशोधकांनी मांडलं. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक आहाराच्या द्रवात चुकून लेबलवरच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं होतं. तेव्हा दहा राज्यांतले २०१ लोक आजारी पडले आणि त्यांच्यात केसगळती हे ठळक लक्षण होतं.

म्हणजे मात्रा जुळते, लक्षणं जुळतात, आधी केस आणि नंतर नखं हा क्रमही जुळतो. आणि या सगळ्यात अजून एकही पेशी बशीत वाढवलेली नाही. इथवरचा शोध गावातल्या नोंदी, नमुने आणि मूलद्रव्यं मोजणारी यंत्रं यांच्या जोरावर लागला आहे.

मग सेल कल्चर म्हणजे काय?

'कल्चर' हा शब्द दवाखान्यात अनेकांनी ऐकलेला असतो. 'लघवीचं कल्चर करून आणा' म्हणतात तेव्हा नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचे असतात. सेल कल्चर वेगळं. त्यात माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरातल्या पेशीच शरीराबाहेर वाढवल्या जातात. प्लास्टिकच्या बशीत किंवा बाटलीत त्यांना साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं असलेला पोषक द्राव दिला जातो. बाटली ठेवली जाते ३७ अंश सेल्सिअसला, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या उबवण यंत्रात. त्यात जिवाणू किंवा बुरशी शिरू नये म्हणून जिवाचा आटापिटा करावा लागतो.

या तंत्राचा इतिहास महाराष्ट्राशी जवळून जोडलेला आहे. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या. त्याच जगप्रसिद्ध 'हेला' पेशी. त्या घेताना लॅक्स यांची संमती घेतलेली नव्हती. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे याच जॉर्ज गाय यांच्याकडे हे तंत्र शिकल्या आणि त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊती संवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

आज पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरातल्या संशोधकांना तिथून पेशी पुरवल्या जातात. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये करोना विषाणू माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या 'व्हेरो' पेशींवर वाढवला आणि त्यातूनच कोव्हॅक्सिनची वाट मोकळी झाली.

बशीतल्या पेशी सेलेनियमबद्दल काय सांगतात?

गंमत अशी की पेशी वाढवायच्या तर त्यांना सेलेनियम घालावंच लागतं. मानवी पेशींना वाढीसाठी ते लागतं, हे १९७६ मध्ये प्रयोगशाळेतल्या फुप्फुसपेशींवर दाखवलं गेलं. आज बाजारात मिळणाऱ्या एका नेहमीच्या पोषक मिश्रणात इन्सुलिन आणि ट्रान्सफेरिनसोबत सेलेनियमचा क्षारही असतो, लिटरभर द्रावाला अवघे ५ ते ७ मायक्रोग्रॅम. पेशीत तयार होणारी घातक ऑक्सिजन संयुगं निष्प्रभ करणाऱ्या काही विकरांना सेलेनियम लागतं, म्हणून ही चिमूट.

हीच मात्रा शेकडो पटींनी वाढवली की अनेक प्रकारच्या पेशी मरायला लागतात. जे संरक्षण करत होतं, तेच आता पेशीत घातक संयुगं वाढवतं. हे पाहण्याची एक साधी पद्धत आहे: बशीच्या खळग्यांमध्ये वाढत्या मात्रा घालायच्या आणि नंतर एक पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जिथे जांभळा रंग फिका, तिथे पेशी मेलेल्या.

केसांवर आधी घाव का बसतो, यालाही पेशींच्या अंगाने एक उत्तर मिळतं. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. केमोथेरपीत केस जातात ते याच कारणाने. शिवाय केस आणि नखं ज्या केरॅटिनची बनतात, त्याची मजबुती गंधकाच्या बंधांवर असते आणि सेलेनियम रसायनशास्त्रात गंधकाचं भावंडच. ते गंधकाच्या जागी घुसून बांधणी कमकुवत करत असावं, असा एक कयास आहे.

शेगावच्या बाबतीत पेशींना विचारण्यासारखे प्रश्नही स्पष्ट आहेत. जस्त कमी असेल तर सेलेनियमचा मार जास्त बसतो का? पाण्यातल्या नायट्रेटचा काही वाटा आहे का? माणसाच्या केसांची मुळं काही दिवस बशीत जिवंत ठेवून वाढवण्याची पद्धत १९९० पासून उपलब्ध आहे. त्यामुळे असे प्रयोग अशक्य नाहीत.

पण बशी म्हणजे माणूस नाही

बशीला यकृत नाही, मूत्रपिंड नाही, पचन नाही. सेलेनियमच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. प्रयोगात बरेचदा सोडियम सेलेनाइट वापरतात. गव्हात मात्र ते मुख्यतः सेलेनोमेथिओनिन या रूपात असतं. बशीतल्या पेशी सेलेनाइटच्या थोड्या मात्रेने मरतात, तर सेलेनोमेथिओनिन बऱ्याच जास्त मात्रेपर्यंत सहन करतात. शरीरात मात्र ते प्रथिनांमध्ये साठत जातं. म्हणून फक्त बशी पाहणारा 'गव्हातलं सेलेनियम निरुपद्रवी' असा उलटाच निष्कर्ष काढू शकतो.

याच मूलद्रव्याने विज्ञानाला एक महागडा धडाही दिला आहे. बशीत सेलेनियमची संयुगं कर्करोगाच्या पेशी मारतात. काही पाहण्यांतूनही आशा दिसली होती. म्हणून अमेरिकेत २००१ मध्ये ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर चाचणी सुरू झाली: सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का? काहीच फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या.

पेशींच्या ओळखीचाही घोळ होतो. हेला पेशी इतक्या दांडग्या की दुसऱ्या बाटल्यांत शिरून तिथल्या मूळ पेशींना हुसकावून लावतात. वेगळ्या अवयवाच्या म्हणून वापरलेल्या पेशी प्रत्यक्षात हेलाच निघाल्याची उदाहरणं १९६० च्या दशकापासून आहेत. म्हणून आता डीएनए तपासून पेशींची ओळख पटवली जाते.

पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी

'अमुक पदार्थाने केस परत येतात, संशोधनात सिद्ध' असं वाचलं की तीन प्रश्न पुरेसे आहेत. प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर? मात्रा किती होती आणि जेवणातून तेवढी मिळते का? पदार्थ त्याच रासायनिक रूपात होता का?

शेगावच्या निमित्ताने चौथीही खबरदारी घ्यायला हवी. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये सेलेनियम असतं. केस गळताहेत म्हणून कुणी मनाने त्या सुरू केल्या आणि मूळ कारण सेलेनियमच असलं, तर आगीत तेल पडेल. केस अचानक गळायला लागले तर आधी डॉक्टर, मग गोळी.

खरा प्रश्न पेशींच्या पलीकडचा

बऱ्याच बाधितांचे केस काही आठवड्यांत परत येऊ लागले. पण रेशनचं धान्य खाणाऱ्या माणसाला गहू निवडायची सोय नसते. दुकानात जे येतं ते घरी जातं. सरकारी खरेदीत गहू पाहिला जातो तो ओलावा, खडे-माती, तुटके आणि किडके दाणे यांसाठी. सेलेनियम डोळ्यांना दिसत नाही, चवीला लागत नाही आणि धुऊन जात नाही.

आणखी एक गाठ सुटायला हवी. रेशनचा गहू जिल्हाभर जातो, मग त्रास याच गावांत का? त्याचं उत्तर कुठल्या गोदामातून, कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात कुठला साठा गेला या नोंदींत आहे. साठानिहाय नमुने तपासले आणि सरकारी पथकांचे अहवाल आकड्यांसह गावकऱ्यांसमोर ठेवले, तर ते शोधता येईल. विष पेशीत कसं काम करतं हे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळा सांगू शकतील. ते ताटात कसं आलं, हे मात्र पुरवठा खात्याच्या कागदांतूनच कळेल.