विश्लेषण : ‘स्वस्त’ विमान तिकीट पैसे भरताना महाग कसे होते?

दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुटीत पुणे-नागपूर रेल्वेची प्रतीक्षा यादी शेकड्यात जाते आणि खासगी ट्रॅव्हल्सचे दर दुप्पट होतात. मग अनेक कुटुंबे मोबाइलवर विमानाचे दर पाहतात. दिसणारा आकडा ट्रॅव्हल्सच्या स्लीपरपेक्षा थोडाच जास्त असतो, म्हणून नावे, वये, मोबाइल क्रमांक भरले जातात. पंधरा मिनिटांनी पैसे भरायचे पान उघडते, तेव्हा आकडा बदललेला असतो. तो बदलतो कसा आणि कायद्याचे त्याबाबत म्हणणे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. नियम नाहीत असे नाही. ते आहेत, पण त्यांचा रोख बहुतेक वेळा चुकीच्या जागी आहे.

रक्कम नेमकी कुठे वाढते?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आई-वडील, आजी आणि नऊ वर्षांचा मुलगा पुण्याहून नागपूरला निघाले आहेत. पहिल्या पानावर तिकीट दिसते ३,५०० रुपये, म्हणजे चौघांचे १४,०००. पुढच्या पानावर जागा निवडायला सांगितले जाते, त्याचे प्रत्येकी ३०० रुपये. त्यापुढे प्रवास विमा, प्रत्येकी २०० रुपये. त्यावर ‘बहुतेक प्रवासी हे घेतात’ अशा अर्थाची शिफारस असते. शेवटी पैसे भरताना ‘कन्व्हिनियन्स फी’ प्रत्येकी ३०० रुपये. एकूण १७,२००. मूळ आकड्यापेक्षा जवळपास २३ टक्के जास्त, आणि अजून कोणी साधा चहाही घेतलेला नाही. परतीच्या प्रवासात हेच पुन्हा.

यातली कन्व्हिनियन्स फी सर्वात अजब. प्रवासी स्वतःच माहिती भरतो, स्वतःच पैसे पाठवतो, तिकीटही स्वतःच छापतो; कंपनीचा खिडकीवरचा कर्मचारी त्यामुळे वाचतो. सोय कोणाची आणि शुल्क कोणाला, हा प्रश्न रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटांबाबतही विचारला जातो. पण विमानात ही रक्कम अनेकदा प्रवाशामागे आणि प्रत्येक फेरीमागे लावली जाते. चार तिकिटांचा व्यवहार एकच असतो, शुल्क मात्र चार वेळा.

सामानाचे गणित वेगळे. बहुतेक देशांतर्गत उड्डाणांत १५ किलोची चेक-इन बॅग आणि ७ किलोचे हातसामान भाड्यात धरलेले असते. एअर इंडियानेही मे २०२४ मध्ये सर्वात स्वस्त भाडेगटासाठी चेक-इन सामानाची मर्यादा २० वरून १५ किलोवर आणली. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एअर इंडिया एक्स्प्रेसने चेक-इन सामान नसलेले ‘लाइट’ भाडे आणले. एकट्या, हलक्या सामानाच्या प्रवाशाला ते परवडते. पण दिवाळीनंतर पुण्याला परतणाऱ्या विद्यार्थ्याची बॅग १९ किलो भरली, तर वरच्या चार किलोंचा दर त्याला काउंटरवर कळतो. तिथे किलोमागे पाचशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. बॅगेतल्या चकल्या-लाडवांपेक्षा त्यांचे भाडे जास्त होते.

कंपन्या असे का करतात?

याला केवळ लोभ म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली आणि एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात घराघरांत पोहोचली. पाठोपाठ २००५ मध्ये स्पाइसजेट आणि २००६ मध्ये इंडिगो आली. खाणे, वर्तमानपत्र, गरम टॉवेल यांचे पैसे भाड्यातून काढून टाकायचे आणि ज्याला हवे त्याच्याकडून घ्यायचे, ही कल्पना मुळात प्रवाशाच्या फायद्याची होती. ज्याला जेवण नको, त्याने दुसऱ्याच्या जेवणाचे पैसे का द्यावेत?

धंदाही सोपा नाही. विमानाचे इंधन जीएसटीच्या बाहेर आहे आणि राज्याराज्यांत त्यावर वेगळा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने मुंबई, पुणे व रायगडमधील हा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला तो २०२३ च्या अर्थसंकल्पात. किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट, अशा मोठ्या कंपन्या बसल्या. कंपन्यांना पैसे लागतात, हे खरेच आहे.

मग ते थेट भाड्यात का मिळवत नाहीत? कारण तिकिटांची संकेतस्थळे कमी आकडा वर दाखवतात. एका कंपनीने सगळे धरून ४,३०० रुपये लिहिले आणि दुसरीने ३,५०० लिहून उरलेले ८०० पुढच्या तीन पानांत वसूल केले, तर प्रामाणिक कंपनी यादीत खाली जाते. प्रवासी तिथवर पोहोचतच नाही. त्यामुळे एखाद्या कंपनीने सद्बुद्धीने सुधारावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे. आकडा दाखवण्याची पद्धत सर्वांना एकाच वेळी बंधनकारक झाली, तरच ती पाळणाऱ्याचे नुकसान होणार नाही.

सरकारने आतापर्यंत काय केले?

विमानभाडे १९९४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजीसीए’ने, २०१३ मध्ये आवडीची जागा, खाणे, सामान यांसारख्या सेवांचे वेगळे पैसे घेण्यास मुभा दिली. अट एकच होती. प्रवाशाने स्वतःहून मागितली तरच सेवा द्यायची. आधीच खूण केलेली चौकट चालणार नव्हती. कागदावर ही अट चांगली होती.

त्यानंतरचा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांचा आहे. डीजीसीएने २०१६ मध्ये १५ ते २० किलोदरम्यानच्या जादा सामानासाठी किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इन करताना सर्वच जागांना शुल्क लावले. ओरड झाली, मंत्रालयाने तपासून पाहतो म्हटले, आणि विमानतळावर फुकट जागा मिळू शकते असा खुलासा कंपनीने केला. करोनाकाळात वेब चेक-इन सक्तीचे झाले, तेव्हा काउंटरवर बोर्डिंग पास मागणाऱ्याला काही कंपन्यांनी वेगळे पैसे लावले. ते घेता येणार नाहीत, असे मंत्रालयाने सांगितले जुलै २०२२ मध्ये. एका शुल्काला आळा बसेपर्यंत दुसरे उगवलेले असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोने अंतरानुसार ३०० ते १,००० रुपयांचे इंधन शुल्क आणले आणि इंधन उतरल्यावर जानेवारी २०२४ मध्ये काढले, हेही याच काळातले.

एक आदेश मात्र वेगळा ठरतो. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असे डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले. तोवर लेकराजवळ बसण्याची किंमत ‘आवडीची जागा’ या नावाने वसूल होत होती. नऊ वर्षांच्या मुलाने आईशेजारी बसणे ही आवड नसून गरज आहे, हे इथे प्रथमच मान्य झाले. वरच्या उदाहरणातली पहिल्यांदा विमानात बसणारी, कमी ऐकू येणारी आजी मात्र या आदेशात बसत नाही. ती सातव्या रांगेत आणि मुलगा एकविसाव्या रांगेत अशी वाटणी टाळायची, तर ३०० रुपये मोजणे आलेच.

पावतीवरची नावे फसवी आहेत का?

काही आहेत. हवाई सुरक्षा शुल्क सरकारचे आहे. देशांतर्गत प्रवासासाठी एप्रिल २०२१ पासून ते २०० रुपये झाले. ‘यूडीएफ’ म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क. मोठ्या विमानतळांसाठी ते आर्थिक नियामक प्राधिकरण, ‘एईआरए’, ठरवते. इकॉनॉमी वर्गावर ५ टक्के जीएसटी आहे. हे तीन खरे कर वा शुल्क. त्यांच्याच रांगेत, त्याच अक्षरात कंपनीची स्वतःची शुल्केही छापलेली असतात.

‘क्यूट चार्ज’चे उदाहरण गाजले ते २०२४ मध्ये. प्रवासी गोंडस आहे म्हणून पैसे घेता का, असा प्रश्न समाजमाध्यमावर विचारला गेला. हे ‘कॉमन यूजर टर्मिनल इक्विपमेंट’चे शुल्क असून विमानतळावरील धातुशोधक यंत्रे, सरकते जिने वगैरेंच्या वापरासाठी आहे, असे उत्तर कंपनीने दिले. रक्कम किरकोळ होती. पण सुरक्षेचे वेगळे आणि विमानतळ विकासाचे वेगळे पैसे दिल्यावर सरकत्या जिन्याचे भाडे तिसऱ्या नावाने द्यायचे, हा हिशेब कुठल्याही किराणा दुकानदाराला गिऱ्हाइकाने मागितलाच असता.

या नावांना महत्त्व आहे, कारण तिकीट रद्द करताना परतावा त्यांवरच ठरतो. डीजीसीएच्या नियमानुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजेच ‘परतावा नाही’ असे लिहिलेल्या तिकिटावरही कर, यूडीएफ आणि प्रवासी सेवा शुल्क परत मिळायला हवे. अनेक प्रवाशांना हे ठाऊकच नसते. तिकीट बुडाले असे समजून ते रद्दही करत नाहीत. कन्व्हिनियन्स फी मात्र सहसा परत येत नाही.

‘डार्क पॅटर्न’चा कायदा लागू होतो का?

खरी किल्ली इथे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यांत नोंदवल्या आहेत. किंमत थेंबाथेंबाने उघड करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणे, नकार देणाऱ्याला ओशाळवाणे करणे या त्यांपैकी तीन. ‘नको, मी धोका पत्करतो’ अशा थाटाचे विमा नाकारण्याचे बटण तिसऱ्या प्रकारात मोडते. थेंबाथेंबाच्या व्याख्येत एक महत्त्वाचे कलम आहे. आधीच पैसे भरलेली सेवा आणखी काही विकत घेतल्याशिवाय वापरता येऊ न देणे, हेही त्यात येते. तिकिटाचे पैसे भरलेल्या प्रवाशाला चेक-इन करताना पैसे न लागणारी एकही जागा दिसत नसेल आणि ‘वगळा’ हे बटण फिकट करड्या अक्षरांत कोपऱ्यात दडवलेले असेल, तर ते या कलमापासून किती दूर आहे?

पळवाटही याच तत्त्वांत आहे. खरेदीच्या वेळी उघड केलेले ‘आवश्यक शुल्क’ टोपलीत सरकवलेली वस्तू मानले जात नाही. कन्व्हिनियन्स फी उघड केलेलीच असते, फक्त शेवटच्या पानावर. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करायला सांगितले. विद्यार्थ्यानेच आपला पेपर तपासावा, असा हा प्रकार.

इतर देशांत काय स्थिती आहे?

युरोपीय संघाने २००८ च्या नियमावलीतच कर व अटळ शुल्कांसह अंतिम किंमत कायम दिसली पाहिजे, असे बंधन घातले. त्यांच्या न्यायालयाने २०१४ मध्ये हातसामान हा प्रवासाचा अपरिहार्य भाग मानला. त्या आधारे स्पेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये रायनएअरसह पाच कंपन्यांना मिळून १७.९ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला विरोध केला. अमेरिकेत सिनेटच्या उपसमितीने त्याच महिन्यात दाखवून दिले की, पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ दरम्यान केवळ जागांच्या शुल्कातून १,२४० कोटी डॉलर मिळवले. मोठ्या बॅगा पकडून देणाऱ्या कर्मचारी व इतरांना फ्रंटियर आणि स्पिरिट या दोन कंपन्यांनी २०२२-२३ या दोन वर्षांत २.६ कोटी डॉलर बक्षिसी वाटली होती. शुल्क ही शिस्त नसून कमाई असते, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागणार नाही.

भारतात काय करता येईल?

प्रत्येक शुल्काला कमाल मर्यादा घालण्याचा मार्ग न्यायालयात अडखळला आहे, आणि मर्यादा घातली की नवे नाव सापडते. त्यापेक्षा सोपा नियम हवा : शोधाच्या पहिल्याच यादीत, टाळता न येणाऱ्या सर्व शुल्कांसह एकच आकडा, आणि त्याच आकड्याने क्रमवारी. १५ किलो सामानासह व सामानाविना असे दोन रकाने शेजारी. शुल्क कर आहे की कंपनीचे, हे पावतीवर वेगवेगळ्या मथळ्यांखाली. यात कोणाचा दर कमी करायला सांगितलेले नाही, त्यामुळे व्यवसाय स्वातंत्र्याच्या युक्तिवादालाही फारशी जागा उरत नाही. जादा शुल्के आणि अचानक वाढणाऱ्या भाड्यांविरोधातील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकार, डीजीसीए आणि एईआरए यांना नोटीस बजावली आहे.

तोवर प्रवाशाच्या हाती थोड्या गोष्टी आहेत. तुलना पहिल्या पानावर न करता पैसे भरायच्या पानावर करावी, आणि तेही कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ उघडून. सामान जास्त होणार असेल तर वजन घरीच करावे. काउंटरपेक्षा आधी घेतलेले किलो स्वस्त पडतात. प्रवास रद्द झाला तर तिकीट रद्द करून करांचा परतावा लेखी मागावा. उत्तर न आल्यास सरकारच्या ‘एअरसेवा’वर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दावा दाखल होतो. कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असले, तरी अकोल्याच्या प्रवाशाला तिथवर जावे लागत नाही.