कोळसा कोणाचा? वायोमिंगच्या गव्हर्नरपदामागचा शंभर वर्षांचा वाद

१/ अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात २०२६ मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक आहे. मार्क गॉर्डन यांचे दोन कार्यकाळ पूर्ण होत असल्याने पद रिकामे होत आहे. राजकीय पंडितांचा निर्वाळा एका ओळीचा असतो: रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला आहे, निकाल ठरलेला आहे, पुढचे राज्य घ्या. हा निर्वाळा आळशी आहे आणि इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही.

२/ प्रथम एक खुलासा. अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो जनतेने थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. अधिकारांच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या अधिक जवळचा. विधिमंडळाच्या कायद्यावर सही करणे किंवा तो रोखणे त्याच्या हाती असते. विद्यमान गव्हर्नर रिंगणात नसतो, तेव्हा राज्याची दिशा बदलण्याची संधी सर्वांत मोठी असते.

३/ वायोमिंगमध्ये दिशेचा प्रश्न एकच आहे: जमिनीखालच्या संपत्तीवर हक्क कोणाचा, आणि ती सरल्यावर काय? या राज्यात वैयक्तिक प्राप्तिकर नाही, कंपन्यांवरही नाही. शाळा, रस्ते, विद्यापीठ यांचा मोठा भार कोळसा, तेल आणि वायू यांच्या करांनी व रॉयल्टीने उचलला आहे. देशातील सुमारे ४० टक्के कोळसा एकट्या वायोमिंगमधून निघतो.

४/ या वादाचा एक ठळक अध्याय १९२४ चा. गव्हर्नर विल्यम रॉस यांनी खनिज उत्खननावर कर बसवणाऱ्या घटनादुरुस्तीचा पुरस्कार केला. मतदानापूर्वीच, ऑक्टोबरमध्ये, त्यांचे अकाली निधन झाले. नोव्हेंबरमध्ये ती दुरुस्ती बारगळली. त्याच मतदानात त्यांच्या पत्नी नेली टेलो रॉस निवडून आल्या आणि जानेवारी १९२५ मध्ये अमेरिकेतील पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या. हे सर्वांच्या स्मरणात राहिले. कर मात्र विस्मरणात गेला.

५/ पुढे १९६६. तेव्हाचे गव्हर्नर सिनेटच्या निवडणुकीत उतरल्याने पद रिकामे होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, कॅस्परचे वकील अर्नेस्ट विल्करसन यांनी उत्खनन कराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. त्यांच्या घोषणेचा आशय असा की वायोमिंगची संपत्ती वायोमिंगच्या जनतेसाठी असावी. ते हरले. रिपब्लिकन स्टॅन्ली हॅथवे जिंकले.

६/ केवळ विजेत्यांची यादी पाठ करणारा इतिहास येथेच थांबतो आणि फसतो. कारण तीनच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याच हॅथवे यांच्या सहीने खनिजांवर १ टक्का उत्खनन कर लागू झाला. पराभूत उमेदवाराचा विचार विजेत्याच्या हातून कायद्यात आला. लढत गंभीर असेल तर हरणाराही राज्य घडवतो, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधावा लागणार नाही.

७/ काळही अचूक साधला गेला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे कमी गंधकाच्या कोळशाला मागणी आली आणि असा कोळसा पावडर रिव्हर खोऱ्यात जमिनीलगतच पसरलेला होता. ऐन भरभराटीच्या तोंडावर करयंत्रणा तयार होती. खाण रिकामी झाल्यावर तिच्यावर कर बसवता येत नाही, एवढे साधे व्यवहारज्ञान त्या पिढीने दाखवले.

८/ नोव्हेंबर १९७४ मध्ये दुसरे पाऊल पडले. मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून खनिजांचा कायमस्वरूपी विश्वस्त निधी उभारला: उत्खनन कराचा एक वाटा त्यात जाईल, मुद्दलाला हात लागणार नाही, उत्पन्न राज्याला मिळेल. त्याच दिवशी, पुन्हा रिकाम्या पदासाठी, त्यांनी डेमोक्रॅट एड हर्शलर यांना निवडले. हर्शलर यांची भूमिका होती: वाढ हवी, पण आमच्या अटींवर. दशकाच्या अखेरीस कोळशावरील कर १० टक्क्यांच्या वर गेला.

९/ ‘बालेकिल्ला’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे लिहून ठेवावेत. वायोमिंगने १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवाराला कौल दिलेला नाही. तरीही १९७५ ते २०११ या ३६ वर्षांपैकी २८ वर्षे गव्हर्नर डेमोक्रॅट होता: हर्शलर, सलिव्हन आणि फ्रॉयडेनथाल. हा मतदार अध्यक्षपदासाठी पक्ष पाहत असे, गव्हर्नरपदासाठी माणूस आणि हिशेब.

१०/ कर लावल्यास उद्योग पळून जाईल, हा आक्षेप तेव्हाही होता. पण कोळशाचा थर गाडीत घालून नेता येत नाही. शेजारच्या मॉन्टाना राज्याने १९७५ मध्ये ३० टक्क्यांपर्यंत कर बसवला आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. दर किती असावा यावर वाद रास्त आहे. वायोमिंगने स्वतः मधला मार्ग घेतला. मात्र करामुळे तेथील कोळसा उद्योग बुडाला नाही. तो आणखी तीन दशके वाढतच गेला.

११/ २००८ मध्ये वायोमिंगचे उत्पादन ४६ कोटी टनांच्या वर पोहोचले. २०२४ मध्ये ते २० कोटींच्याही खाली होते. दोष केवळ वॉशिंग्टनच्या नियमांवर ढकलणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. स्वस्त नैसर्गिक वायू, वारा आणि सूर्य यांनी वीजकंपन्यांचे गणित बदलले. आणि वायोमिंगच्या कोळशाचे बहुतेक ग्राहक इतर राज्यांत आहेत. ते वायोमिंगच्या मतपेटीला बांधील नाहीत.

१२/ या घसरणीची किंमत खरी माणसे मोजतात. जुलै २०१९ मध्ये ब्लॅकज्वेल कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जिलेट शहराजवळच्या दोन खाणींतील सुमारे ६०० कामगारांना एका दिवसात दाराबाहेर केले गेले. किनारपट्टीच्या महानगरांतून या लोकांना मागासलेले म्हणून हिणवणारे विचारवंतही दोषमुक्त नाहीत. त्यांच्या दिव्यांसाठी अनेक वर्षे हाच कोळसा जळत होता.

१३/ पण उपहासाला उत्तर म्हणून वास्तव नाकारणे हेही शहाणपण नव्हे. २०२३ मध्ये गव्हर्नर गॉर्डन यांनी हार्वर्डमधील भाषणात कार्बन उत्सर्जन शून्याच्याही खाली नेण्याची गरज मांडली. ते खाणींचे विरोधक नव्हेत. कार्बन पकडून जमिनीत साठवावा आणि खाणी टिकवाव्यात, हा त्यांचा मार्ग. तरीही त्यांच्याच पक्षाच्या राज्य समितीने त्यांच्यावर अविश्वास ठराव संमत केला.

१४/ खरी लढत आता ऑगस्टमधील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत होते. २०१८ मध्ये रिपब्लिकन पक्षात सहा उमेदवार होते आणि गॉर्डन सुमारे ३३ टक्के मतांवर जिंकले. २०२३ च्या कायद्याने उमेदवारी अर्ज सुरू झाल्यानंतर प्राथमिक फेरी होईपर्यंत पक्षनोंदणी बदलण्यावर बंदी आली. परिणामी निर्णय घेणारा मतदार कमी आणि अधिक एकरंगी झाला. अशा फेरीत निष्ठेच्या शपथांची चढाओढ लागते. हिशेब कोणी मागत नाही.

१५/ हिशेब मात्र थांबत नाही. २०२२ मध्ये उघड्या खाणींतील कोळशावरचा कर ७ वरून ६.५ टक्क्यांवर आणला गेला. २०२५ मध्ये घरांवरील मालमत्ता कर २५ टक्क्यांनी कापला गेला. शाळा आणि काउंट्या याच करावर चालतात. त्याच वर्षी केंद्रीय कायद्याने सरकारी जमिनीवरील कोळशाची रॉयल्टी साडेबारावरून जास्तीत जास्त ७ टक्के केली, २०३४ पर्यंत. या रॉयल्टीतील जवळपास निम्मा वाटा वायोमिंगला मिळतो. उत्पन्न आटत असताना वाटाही सोडणे, याला धोरण म्हणावे की नवस?

१६/ समर्थक म्हणतील, करकपात हीच खरी परंपरावादी भूमिका. वायोमिंगचा इतिहास याला साक्ष देत नाही. परंपरा जपणे म्हणजे मुद्दल जपणे. पहिला उत्खनन कर लावणारा गव्हर्नर रिपब्लिकन होता आणि विश्वस्त निधीला मान्यता देणारे बहुसंख्य मतदारही परंपरावादीच होते. २०१० मध्ये डेमोक्रॅट फ्रॉयडेनथाल यांच्या काळात पवनविजेवर प्रति मेगावॉट-तास १ डॉलर कर बसवण्याचा कायदा झाला. तर्क तोच: येथून जे बाहेर जाईल, त्याने येथे काही ठेवून जावे.

१७/ आजही वायोमिंगमधील विद्यार्थी खनिजांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या निधीवर उच्च शिक्षण घेतात. त्या शिष्यवृत्तीला हॅथवे यांचे नाव आहे. विल्करसन यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

१८/ म्हणून २०२६ च्या लढतीत कोण जिंकेल हा प्रश्न दुय्यम आहे. रिंगणातील प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, एकच प्रश्न विचारला पाहिजे: कोळसा आणखी निम्मा झाला, तर शाळेतील शिक्षकाचा पगार कोठून येईल? १९६६ मध्ये हा प्रश्न जाहीर सभांतून विचारला गेला होता, म्हणून १९६९ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. तो या वेळी विचारलाच गेला नाही, तर मतमोजणीच्या रात्री कोणीही जिंको, शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न जिथल्या तिथेच राहील.